लायनर आणण्याआधी ब्लॉक मोजा: सिलिंडर लायनरची निवड आणि बसवणी

न्हावा-शेव्याहून कंटेनर ओढणारे ट्रेलर, तुर्भ्याच्या बाजार समितीत रात्रभर उतरणारे ट्रक आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे डिझेल जनरेटर यांच्या इंजिनांवर रबाळे-महापे भागातील आमच्यासारख्या बोअरिंगच्या दुकानांचे पोट चालते. गाडी निळा धूर सोडू लागते, ऑइल खाऊ लागते, चढावर दम टाकते, आणि मग मालक आधी बाजारातून लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो ती सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) आणि पिस्टन यांचा किट आणतो व नंतर ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव सांगाडा, टेम्पोत घालून आमच्याकडे पाठवतो. हा क्रम उलटा आहे. कोणता लायनर घ्यायचा हे दुकानदाराच्या यादीवरून नव्हे, तर समोर धुऊन ठेवलेल्या ब्लॉकच्या मापांवरून ठरते, आणि पुढील बहुतेक सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात.

प्रथम ब्लॉकची जात ओळखावी. काही ब्लॉकमध्ये लायनर नसतोच. पिस्टन थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडात चालतो. टाटांच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेलेले कमिन्स बी मालिकेतील ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन या जातीचे असून त्याचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, १०२ मिमी आहे. अशा ब्लॉकला आधी ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठ्या, पिस्टनचा पर्याय असतो. ती मर्यादा संपली किंवा एखाद्या सिलिंडरला खोल ओरखडा गेला, तरच बोअर मोठा करून त्यात स्लीव्ह, म्हणजे लायनरच, घालावी लागते. दुसरी जात ड्राय लायनरची. त्याची भिंत बहुधा दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते, बाहेरची बाजू ब्लॉकला सर्वांगाने चिकटलेली असते आणि पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. तिसरी जात वेट लायनरची. येथे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागते, म्हणून भिंत जाड असते, वर कॉलर (बाहेर आलेली कड) असते आणि खाली ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) असतात. जुन्या जनरेटरांमध्ये अजूनही भेटणारे कमिन्सचे एनटी ८५५ या जातीचे आहे. मोटारगाड्यांच्या ॲल्युमिनियम ब्लॉकचे गणित निराळे असल्याने ते येथे घेतलेले नाही.

मोजणी

ब्लॉक उकळत्या कॉस्टिकच्या टाकीतून काढून, गॅलरीचे प्लग उघडून, स्वच्छ करून सुकवल्यानंतर किमान एक रात्र दुकानातच ठेवावा आणि मायक्रोमीटर, बोअर डायल गेज व लायनर त्याच्या शेजारी ठेवावेत. हे वेळकाढूपणाचे वाटेल, पण त्यामागे हिशोब आहे. ओतीव लोखंड दर अंशाला, दर मीटरला सुमारे ११ मायक्रॉन वाढते. म्हणजे १०० मिमी व्यासाच्या बोअरमध्ये दहा अंशांच्या फरकाने ०.०११ मिमी इतका फरक पडतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापलेला ब्लॉक आणि वातानुकूलित दुकानातून नुकताच आणलेला लायनर यांची मापे एकमेकांशी ताडून पाहिली, तर जो ताण (लायनरचा बाहेरचा व्यास बोअरपेक्षा जितका जास्त तो फरक) आपल्याला कागदावर दिसतो तो प्रत्यक्षात असेलच असे नाही.

बोअर तीन उंचींवर मोजावा: वरच्या रिंगेचा प्रवास जेथे संपतो त्याच्या किंचित खाली, मध्यभागी आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन मापे घ्यावीत, एक क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि दुसरे त्याला आडवे. एकाच उंचीवरील दोन मापांतील फरक म्हणजे बोअरचा ओव्हलपणा आणि वर-खालच्या मापांतील फरक म्हणजे टेपर. सहाही सिलिंडरांची मापे एका कागदावर लिहून काढली की ब्लॉकची कहाणी आपोआप समोर येते. सगळे बोअर सारखे झिजले असतील तर ते वयाचे झिजणे आहे. एकच सिलिंडर बेताल झिजला असेल तर इंजेक्टर, वाकलेला कनेक्टिंग रॉड किंवा त्या सिलिंडरापुरता अडलेला पाण्याचा मार्ग यांपैकी काहीतरी शोधावे लागेल, नाहीतर नवा लायनरही त्याच वाटेने जाईल. मेन बेअरिंगच्या कॅप मोजणीच्या आधी ठरलेल्या टॉर्कने आवळून ठेवाव्यात, कारण त्या सैल असताना आणि घट्ट असताना ब्लॉकचा आकार तंतोतंत एक राहत नाही.

वेट लायनरच्या ब्लॉकमध्ये बोअरइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची जागा म्हणजे वरची बैठक, जिच्यावर लायनरची कॉलर टेकते. या बैठकीत कार्बन, जुन्या सीलंटचा पापुद्रा किंवा गंजाचा खवला राहू देता कामा नये. ही गोष्ट मी स्वतःच्या हाताने शिकलो आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका ट्रेलरच्या इंजिनात सहा लायनर बसवले, गाडी गेली आणि काही आठवड्यांनी चौथ्या सिलिंडराच्या लायनरची कॉलर तुटून परत आली. बैठक घासून पाहिली तेव्हा एका बाजूला कार्बनचा नखाएवढा तुकडा दाबून कडक झालेला सापडला. हेड आवळले गेले तेव्हा कॉलर तीन बाजूंनी टेकली, चौथीकडे अधांतरी राहिली आणि प्रत्येक स्फोटाबरोबर वाकत वाकत तुटली. लायनर बनवणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती. बैठकीवर निळा रंग लावून लायनर हलकेच फिरवावा आणि वर्तुळभर सलग ठसा उमटतो का ते पाहावे. ठसा तुटक आला तर बैठक कापून सरळ करावी आणि कापलेल्या जाडीची शिम (पातळ धातूची कडी) घालावी.

निवड

आता लायनर विकत घेण्याची वेळ आली. ड्राय लायनर दोन अवस्थांत मिळतो, सेमी-फिनिश आणि फिनिश. सेमी-फिनिशमध्ये आतल्या बाजूला धातू शिल्लक ठेवलेला असतो. तो प्रेसने बसवल्यानंतर बोअरिंग आणि होनिंग (घासणाऱ्या दगडांनी आतून बारीक घासणे) करून अंतिम मापावर आणावा लागतो. फिनिश लायनर आतून तयार असतो आणि तो साधारणपणे हाताने सरकेल अशा बेताने ब्लॉकमध्ये जातो. येथे एक चूक फार वेळा पाहायला मिळते. फिनिश लायनर घेऊन तो ब्लॉकमध्ये घट्ट बसेल असा बोअर कापला जातो, कारण "घट्ट बसले म्हणजे चांगले" अशी समजूत असते. पातळ भिंतीचा लायनर जाड ब्लॉकमध्ये दाबला गेला की त्या ताणाचा मोठा हिस्सा लायनरच आकसून सोसतो. बाहेरून सहा शतांशांचा (०.०६ मिमी) ताण दिला तर आतला व्यासही जवळपास तितकाच कमी होतो आणि पिस्टनला लागणारी फट त्यातच खर्ची पडते. घट्ट बसवायचा असेल तर सेमी-फिनिशच घ्यावा.

ताण किती द्यावा, याचे पहिले उत्तर इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. मॅन्युअल हाताशी नसेल तर ओतीव लोखंडाच्या ब्लॉकसाठी दर इंच व्यासाला अर्धा थाऊ हा आडाखा आमच्याकडे चालतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन, म्हणजे १०० मिमीच्या आसपासच्या लायनरला ०.०५ मिमी, आणि ०.०७५ मिमीच्या पुढे जाऊ नये. ताण जास्त झाला तर शेजारच्या बोअरचा आकार बिघडतो आणि दोन सिलिंडरांमधील पातळ भिंतीला चीर जाण्याचा धोका असतो. ताण कमी पडला तर लायनर आणि ब्लॉक यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहतो, उष्णता बाहेर जात नाही, त्या ठिकाणी पिस्टन खाजतो आणि लायनर वर-खाली सरकू लागतो.

म्हणून लायनर आधी हातात घ्यावा, मोजावा आणि मगच ब्लॉक बोअर करावा. मोकळा लायनर किंचित ओव्हल असू शकतो, त्यामुळे त्याचा बाहेरचा व्यास चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी. सरासरी १०६.०७ मिमी आली आणि ०.०६ मिमीचा ताण हवा असेल, तर ब्लॉक १०६.०१ मिमीला बोअर करायचा, इतके सरळ गणित आहे. प्रत्येक लायनरवर मार्करने सिलिंडरचा आकडा लिहावा आणि त्या आकड्याचा बोअर त्याच लायनरच्या मापाने कापावा, कारण एकाच खोक्यातील सहा लायनर सहा वेगळ्या मापांचे निघणे मुळीच नवलाचे नाही. खरेदीच्या वेळी आणखी एक जुनी परीक्षा करून पाहावी: लायनर एका बोटावर अलगद लटकवून पान्याच्या टोकाने हलके टिचकी द्यावी. धड लायनर घंटेसारखा वाजतो. चीर असलेला भांडे फुटल्यासारखा बद्द बोलतो.

ड्राय लायनर बसवणे

जुना ड्राय लायनर काढताना छिन्नी चालवू नये. पुलरने तो निघत नसेल तर आतून वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची एक-दोन रेघा ओढाव्यात. वेल्ड थंड होताना आकसतो, लायनरही आकसतो आणि तो बऱ्याचदा हाताने ओढून निघतो. त्याने भागले नाही तर बोअरिंग मशिनवर तो पातळ करत नेऊन कागदासारखा सोलून काढावा.

नवा बोअर कापताना तळाशी चार-पाच मिलिमीटरची पायरी मूळ मापाची ठेवावी, म्हणजे कॉलर नसलेल्या लायनरला खाली टेकायला जागा मिळते आणि तो चालत्या इंजिनात खाली सरकत नाही. बोअर गोल आणि सरळ असावा, ओव्हलपणा ०.०२ मिमीच्या आत यावा. तो आरशासारखा चकचकीत असण्याची गरज नाही, पण कटिंग टूलच्या खोल चरा राहिल्या तर लायनर फक्त चरांच्या माथ्यांवर टेकतो आणि मोजलेला ताण फसवा ठरतो.

बसवण्यासाठी हायड्रोलिक प्रेस आणि लायनरच्या आतल्या व्यासाला बेताने जाणारी पायरीची डाय, दोन्ही हवेतच. घणाने ठोकून बसवलेला लायनर वरून बसल्यासारखा दिसतो, पण कडेला पसरलेला असतो. लायनर आधी थंड करून घेतला तर काम बरेच सोपे होते. ३२ अंशांच्या दुकानातून घरगुती फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर रात्रभर ठेवलेला १०६ मिमीचा लायनर सुमारे ०.०६ मिमी आकसतो, म्हणजे आपण दिलेला ताण तेवढ्यापुरता जवळजवळ नाहीसा होतो. दिवाळे किंवा करावे गावातल्या कोळ्यांकडून मासळीचा बर्फ आणून काम भागवण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. बर्फ शून्य अंशाच्या खाली नेत नाही, त्यामुळे आकसणे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्तच मिळते आणि वर लायनर ओला होतो. ड्राय आइसने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) फ्रीझरच्या दुप्पट आकसणे मिळते, मात्र हातमोजे घालावेत आणि बंद खोलीत ते वापरू नये.

आपल्याकडील दमट हवेत थंड लायनरवर क्षणात दवाचा थर बसतो. तो लायनर आणि ब्लॉक यांच्यामध्ये अडकू नये म्हणून फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वीच लायनर कोरडा करून पिशवीत घट्ट बांधावा, बाहेर काढताच कापडाने पुसावा, बोअरला पातळ ऑइलचा हात लावावा आणि एका दमात खाली न्यावा. मध्ये थांबल्यास पातळ लायनर काही सेकंदांत गरम होऊन आहे तेथेच पकड घेतो, आणि तिरका अडकलेला लायनर परत काढण्यात तो वाया जातो. प्रेसच्या गेजवर दाब हळूहळू आणि सारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच दाब उडी मारून वर गेला तर काम थांबवावे. खाली टेकल्यावर काही मिनिटे दाब तसाच ठेवावा, रात्रभर ब्लॉक मुक्त ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी माथा सपाटीला घासून घ्यावा.

वेट लायनर बसवणे

वेट लायनरमध्ये ताण द्यायचा नसतो, तर जागा जपायची असते. ब्लॉकच्या आतील पाण्याच्या खोबणीतला खार आणि गाळ पूर्ण काढावा. खाडीकाठच्या बोअरवेलचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये भरत आलेल्या गाड्यांमध्ये हा थर खालच्या ओ-रिंगेच्या जागेपर्यंत दगडासारखा चढलेला असतो. ओ-रिंग ज्या कडेवरून आत जाते ती कड एमरीने गुळगुळीत करावी. ही कड धारदार राहिली तर ओ-रिंगेची बारीक दोरी कापून निघते आणि ती आपल्याला वरून दिसतही नाही.

प्रथम ओ-रिंग न लावता लायनर आत सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे आणि हाताने फिरला पाहिजे. नंतर क्लँप लावून ब्लॉकच्या माथ्यापासून कॉलर किती वर आली आहे ते डायल गेजने चार ठिकाणी मोजावे. हे वर येणे फार मोलाचे आहे, कारण हेड गॅस्केटची आगीची कडी त्यावरच दाबली जाते. एनटी ८५५ मध्ये ते ०.०८ ते ०.१५ मिमी असते. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असल्याने मॅन्युअल पाहावे. एकाच हेडखालच्या शेजारशेजारच्या लायनरांमध्ये फरक किती चालतो, हाही आकडा तेथेच दिलेला असतो, आणि तो बहुधा दोन-तीन शतांशांच्या पुढे जात नाही. लायनर कमी वर आला तर गॅस्केट फुंकते; जास्त आला तर हेड तिरपे बसते.

मापे जुळली की लायनर काढून ओ-रिंगा चढवाव्यात. काही इंजिनांत वरची रिंग पाण्यासाठी आणि खालची ऑइलसाठी वेगळ्या रबराची असते. रंगाने ओळखून त्यांची अदलाबदल होणार नाही हे पाहावे. पाण्यासाठीच्या ईपीडीएम रबराला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागले की ते फुगते, म्हणून मॅन्युअलमध्ये दुसरे काही सांगितले नसेल तर साबणाचे पाणी वापरावे. ओ-रिंगेवर साच्याची एक बारीक शिवण असते. रिंग चढवल्यावर ती शिवण वर्तुळभर सरळ धावते का ते नजरेने पाहावे. ती दोरीला पीळ पडावा तशी गोल गोल फिरत असेल तर रिंग पिळलेली आहे. अशा वेळी एक गुळगुळीत दांडी रिंगेखाली घालून पूर्ण वर्तुळभर फिरवली की पीळ निघतो. मग लायनर दोन्ही तळव्यांनी सरळ खाली दाबावा. हाताने दाबून तो परत उसळत असेल तर हातोडी न उचलता लायनर बाहेर काढून ओ-रिंग पाहावी.

बसवल्यानंतर ओ-रिंगेच्या उंचीवर बोअर पुन्हा मोजावा. फुगलेली किंवा जाड रिंग लायनरला बाहेरून दाबते आणि तेथे आतला व्यास शतांशांनी कमी होतो. गेज नेमका त्याच पट्ट्यात सुईची हालचाल दाखवतो. ही मोजणी बहुतेक ठिकाणी टाळली जाते, आणि पुढे पिस्टनचा स्कर्ट तळाशीच का खाजला याचे उत्तर कोणाला सापडत नाही. हेड चढवण्यापूर्वी पाण्याच्या मार्गात मॅन्युअलमधील दाबाने पाणी भरून ब्लॉक खालून विजेरीने पाहावा.

जुन्या वेट लायनरच्या बाहेरच्या अंगावर, पिस्टनचा धक्का ज्या बाजूला बसतो तेथे, सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसली तर ती साधी गंज नव्हे. स्फोटाच्या धक्क्याने लायनरची भिंत कंप पावते, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटताना धातूचे कण उपटतात. अशा इंजिनात नवा लायनर घालून पुन्हा नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेले, गंजविरोधी घटक असलेले कूलंटच भरावे आणि रेडिएटरचे झाकण दाब धरते की नाही हे तपासावे.

होनिंग आणि धुणे

ड्राय लायनरचा बोअर पिस्टनच्या मोजलेल्या व्यासात मॅन्युअलमधील फट मिळवून ठरवावा. पिस्टनच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर तो ठरवू नये. बोअरिंगमध्ये ०.०५ ते ०.०८ मिमी धातू शिल्लक ठेवून तो होनिंगने काढावा आणि आडव्या-तिडव्या रेघांचा कोन ४५ ते ६० अंशांच्या आसपास ठेवावा. या रेघांतच ऑइल थांबते. रिंग बोअरमध्ये पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने पाहावी; दर १०० मिमी बोअरला ०.३ ते ०.४ मिमी हा सर्वसाधारण आकडा आहे.

होनिंगनंतरचे धुणे हे या सगळ्या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. डिझेल किंवा रॉकेलने पुसल्यास दगडाची पूड रेघांमध्ये आणखी खोल बसते. कढत पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश घेऊन बोअर घासावा, स्वच्छ पाण्याने उतरवावा आणि मग पांढऱ्या सुती कापडावर नवे ऑइल घेऊन आतून पुसावा. कापड राखाडी आले की पुन्हा धुवावे. आमच्या दुकानात कापड पांढरे निघेपर्यंत तीन-चार फेऱ्या सहज होतात. पावसाळ्यात नवी मुंबईच्या हवेत उघड्या ओतीव लोखंडावर तासाभरात तांबूस छटा येते, म्हणून शेवटच्या पाण्यानंतर लगेच वारा मारून ऑइल लावावे आणि जोडणीपर्यंत ब्लॉक प्लास्टिकने झाकून ठेवावा.

सुरुवातीचे चालवणे

जोडलेले इंजिन सुरू करून तासभर रिकामे फिरवत ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. भार नसताना रिंगा बोअरवर पुरेशा दाबल्या जात नाहीत, रेघा चकचकीत होतात आणि ऑइलचा खप कायमचा मागे लागतो. इंजिन गरम झाले, गळती नाही याची खात्री झाली, की मध्यम भारावर कमी-जास्त वेगाने चालवावे. भरलेला ट्रेलर घेऊन पहिल्याच दिवशी घोडबंदरचा गायमुख घाट मात्र चढवू नये.

पहिल्या रात्री गाडी उभी राहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, समपचा (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट अगदी हळू दोन आटे सैल करावा आणि खाली पांढरे भांडे धरावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ओ-रिंग झिरपत असेल तर पहिले थेंब पाण्याचे पडतात. ऑइलच आले तर बोल्ट आवळून गाडी मालकाच्या स्वाधीन करावी. पाणी आले तर समप उतरवून, पाण्याच्या मार्गाला दाब देऊन, कोणत्या लायनरच्या तळाशी थेंब लोंबतो आहे ते पाहावे.